मराठीच्या वेषांतील इंग्रजी वाक्प्रचार

एका भाषेवर दुसऱ्या भाषेचा परिणाम झाला असें आपण म्हणतों, तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें बहुधा परके शब्दच उभे राहतात. फारशीचा परिणाम म्हटला कीं ‘हजर’, ‘तारीख’, ‘बंदोबस्त’ आठवतात. इंग्रजीचा म्हटला कीं ‘स्टेशन’, ‘कोर्ट’, ‘पेन्सिल’. हे शब्द पाहतांक्षणींच परके म्हणून ओळखूं येतात. परंतु परकीयांचा शिरकाव होण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती या राजमार्गापेक्षां पुष्कळच गुप्त आहे. परक्या भाषेंतील वाक्प्रचार कधीं कधीं आपल्याच शब्दांचा वेष घेऊन येतो. ‘सुवर्णमध्य’ या शब्दांत परकें अक्षर एकही नाहीं. ‘नक्राश्रु’ हा शब्द तर एखाद्या जुन्या सुभाषितांतून उचलल्यासारखा दिसतो. ‘एखाद्या विषयावर प्रकाश टाकणें’ यांतील प्रत्येक शब्द घरचाच आहे. तरी हे तिन्ही प्रयोग इंग्रजीच्या दारानेंच आपल्याकडे आले. अशा वेषधारी पाहुण्यांचा इतिहास थोडक्यांत पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा इतिहास पाहण्यास कोल्हापूर हें ठिकाण फार सोयीचें आहे. इंग्रजी विद्या, आगगाडी, मासिकें आणि चित्रपट हीं सारीं या राजधानींत सुमारें पन्नाससाठ वर्षांच्या अवधींत एकामागून एक आलीं. भाषाशुद्धीच्या वादाचा एक मोठा पुरस्कर्ताही येथेंच राहत होता. आणि त्याच वेळीं तालमींतील व गुळाच्या बाजारांतील रांगडी मराठी आपल्या जुन्या वाक्प्रचारांसह येथें जिवंत होती. नवें कोठून आलें व जुनें कोठें टिकलें, हें एकाच गांवांत पाहावयास मिळतें.

प्रथम एक जुना दाखला ध्यानांत घेतला पाहिजे. सतराव्या शतकांत शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितानें राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मराठीच्या इतिहासांत या कोशाचें महत्त्व थोर आहे. परंतु कोशकाराची दृष्टि साहजिकच शब्दांवर होती. फारशींत ‘खाणें’ या अर्थाचें क्रियापद हवेशीं, शपथेशीं, लांचेशीं जोडण्याची रीत आहे. तिच्या वळणाचे ‘हवा खाणें’, ‘लांच खाणें’ असे प्रयोग आपल्याकडे रुळले, आणि ते परके आहेत अशी शंकाही कोणास आली नाहीं. शब्द वेशीवर अडवितां येतो. बोलण्याचें वळण अडवितां येत नाहीं. इंग्रजीच्या बाबतींत पुढें हेंच, परंतु कितीतरी अधिक प्रमाणावर, घडलें.

इंग्रजी वाक्प्रचारांचें पहिलें दार म्हणजे शाळा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं इसापाच्या कथा इ. स. १८२८ मध्यें मराठींत आणल्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि त्याच्याच पुढाकारानें आरंभिलेला व थॉमस कँडीनें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं बाहेर पडला. कँडीसाहेबानें सरकारी शालोपयोगी पुस्तकांच्या भाषेवर अनेक वर्षें देखरेख केली, इतकेंच नव्हे, तर विरामचिन्हें मराठी लेखनांत रुजविण्याचें श्रेयही बरेंचसें त्याच्याकडे जातें. म्हणजे मुलांच्या हातीं पडणारी मराठी गद्याची पहिलीं पुस्तकें ज्या ओट्यावर तयार झालीं, त्या ओट्यावर इंग्रजी पुस्तक नेहमीं उघडें होतें.

या दारानें आलेल्या पाहुण्यांचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. इंग्रजींत ‘आंबट द्राक्षें’ एवढे दोनच शब्द बोलले कीं पुरे होतात. मराठीनें मात्र तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. तिनें कोल्ह्याला पुढें आणलें, त्याला चतुर्थी लावली, आणि ‘कोल्ह्याला द्राक्षें आंबट’ अशी आपल्या म्हणींच्या ठेक्यांत बसणारी म्हण घडविली. ज्या खेड्यांत द्राक्षाचा वेल कोणी पाहिलेला नव्हता, तेथेंही ती चालली. कारण म्हणीच्या आधीं गोष्ट घरांत आली होती. ‘सिंहाचा वाटा’ याचेंही तसेंच. मात्र एक मौज आहे. इसापाच्या कथेंतील सिंह सारी शिकार स्वतःच घेतो, दुसऱ्यास कांहींच उरूं देत नाहीं. इंग्रजीनें पुढें तो अर्थ सौम्य करून ‘सर्वांत मोठा भाग’ असा केला, आणि मराठींत कथा मूळची असली तरी अर्थ हा मागाहूनचा आला. ‘या कार्यांत त्यांचा सिंहाचा वाटा आहे’ असें आपण गौरवानें म्हणतों; इसापाच्या सिंहास उद्देशून कोणी गौरवाचा शब्द काढला नसता.

आतां कोल्हापुराकडे वळूं. छत्रपति राजाराम महाराज इ. स. १८७० मध्यें युरोपच्या प्रवासास गेले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फ्लॉरेन्स येथें त्यांचा तरुणपणींच अंत झाला. या प्रवासाची दैनंदिनी त्यांनीं इंग्रजींत लिहिली होती. कॅप्टन वेस्ट यानें ती संपादून १८७२ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध केली. शिवछत्रपतींच्या गादीचा धनी आपला दिनक्रम इंग्रजींत टिपूं लागला, या एका गोष्टींत पुढील पन्नास वर्षांची दिशा दिसते. त्याच राजाचें नांव धारण करणाऱ्या राजाराम कॉलेजांत १८८० पासून उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. पुढें ज्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाची वाहवा वरिष्ठ कायदेमंडळांत झाली, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या इंग्रजी शिक्षणाचा पाया कोल्हापुरांतच घातला गेला.

विद्येच्या मागोमाग यंत्रें आलीं. इ. स. १८९१ मध्यें मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. ‘हिरवा कंदील दाखविणें’ हा प्रयोग अशा प्रदेशांतच अर्थपूर्ण होऊं शकतो. इंग्रजी प्रयोगाचें शब्दशः भाषांतर ‘हिरवा प्रकाश’ असें झालें असतें. तसें कोणी केलें नाहीं. कारण फलाटावर उभे राहणाऱ्यांनीं गार्डाच्या हातांतला कंदील डोळ्यांनीं पाहिला होता. ‘कंदील’ हा शब्द अरबी, कल्पना इंग्रजी, आणि प्रयोग अस्सल मराठी, असा हा त्रिवेणी संगम आहे. ‘मैलाचा दगड’ हाही सडकांवरून चालत आलेला पाहुणा. पुढें मैल गेले आणि किलोमीटर आले. परंतु आयुष्यांतील महत्त्वाच्या टप्प्यास आजही कोणी किलोमीटरचा दगड म्हणत नाहीं. न्यायकचेरीच्या दारानें ‘संशयाचा फायदा’ आला. फौजदारी खटल्यांतून सुटलेल्या माणसाविषयीं पारावर बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडींही तो बसला, कारण कचेरीची पायरी त्यानें स्वतः चढलेली होती.

कोल्हापुरानें स्वतः ज्यास घरपण दिलें असा एक वाक्प्रचार म्हणजे ‘रुपेरी पडदा’. चित्रें उजळ दिसावींत म्हणून पूर्वीं पडद्यास चंदेरी धातुमय रंग देत; त्यावरून इंग्रजींत ‘सिल्व्हर स्क्रीन’ हा शब्द निघाला. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्यें लोकांपुढें आणला. १९२९ मध्यें कोल्हापुरांत प्रभात कंपनी निघाली, आणि १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तिनें येथेंच तयार केला. ज्या गांवांत सुतार, रंगारी, शिंपी, पहिलवान अशा सर्व थरांतील माणसें चित्रपटाच्या कामावर जात, तेथें ‘रुपेरी पडदा’ हें केवळ वर्तमानपत्री भाषांतर राहिलें नाहीं. तें पोटापाण्याच्या धंद्याचें नांव झालें.

आतांपर्यंत सांगितलेल्या सर्व वाक्प्रचारांत एक समान धर्म आहे. त्यांच्याबरोबर वस्तु आली, किंवा गोष्ट आली. चौथें दार मात्र निराळें आहे: तें विद्वानांच्या लेखणीचें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला इ. स. १८७४ मध्यें सुरू झाली. इंग्रजी वळणाच्या मराठीवर त्यांनीं कोरडे ओढले, आणि ते योग्यच होते. तथापि शास्त्रीबोवांच्या वाक्यांची लांबी, त्यांतील तोल, प्रतिपक्षावर चाल करून जाण्याची रीत यांवर जॉन्सन व मेकॉले यांची छाया स्पष्ट दिसते. हा त्यांचा दोष नव्हे. मराठी गद्याला जें सामर्थ्य आलें, तें या छायेंतच आलें. कोल्हापुरांत विष्णु गोविंद विजापूरकरांनीं १८९४ मध्यें ‘ग्रंथमाला’ हें मासिक काढलें, आणि इतिहास, शास्त्र, तत्त्वज्ञान यांवरील मजकूर मराठी वाचकांस नियमानें मिळूं लागला. अशा नियतकालिकांतून निबंध वाढला, आणि निबंधाबरोबर ज्यांची वस्तूही इकडे नाहीं व गोष्टही नाहीं असे वाक्प्रचार वाढले.

त्यांपैकीं चार उदाहरणें घेऊं. ‘सुवर्णमध्य’ ही कल्पना अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राशीं निगडित आहे, आणि सोन्याचें विशेषण तिला लॅटिन कवि होरेस यानें दिलें. तेथें अर्थ असा, कीं मनुष्यानें आपल्या आचरणांत अतिरेक टाळावा. मराठींत मात्र दोन भांडणाऱ्या पक्षांत तडजोड घडली कीं ‘सुवर्णमध्य काढला’ असें आपण म्हणतों. भाऊबंदकीच्या वांटणींत बांध मधोमध घातला, तरी त्याला सुवर्णमध्य! ‘हस्तिदंती मनोरा’ हा शब्द या अर्थानें फ्रेंच टीकाकार सँत-बव यानें १८३७ मध्यें द व्हिन्यी या कवीस उद्देशून वापरला. तो इंग्रजींतून आपल्याकडे आला. ‘नक्राश्रु’च्या मुळाशीं, मगर भक्ष्य खातांना अश्रु ढाळतो, ही मध्ययुगीन युरोपी प्रवासवर्णनांतून पसरलेली समजूत आहे. आपल्या पंचतंत्रांत वानराला पाठीवर घेणारा मगर आहे. पण तो ढोंगी अश्रूंसाठीं प्रसिद्ध नाहीं. आणि ‘पांढरा हत्ती’! सयामचा राजा ज्या दरबाऱ्यास बुडवावयाचें असेल त्याला पांढरा हत्ती भेट देई, अशी कथा इंग्रजींत सांगतात. ज्या देशांत ऐरावत हा इंद्राचें वाहन, आणि ज्या नगरीनें दसऱ्याच्या स्वारींत छत्रपतींचे हत्ती डोळे भरून पाहिले, तेथें पांढरा हत्ती म्हणजे डोईजड खर्च, हा अर्थ एकाएकीं उमजावा तरी कसा?

येथें या इतिहासांतील सर्वांत नवलाची गोष्ट येते. इ. स. १९३२ मध्यें कोल्हापुरांत साहित्यसंमेलन भरलें. अध्यक्ष बडोद्याचे सयाजीराव महाराज होते. आदल्याच वर्षीं त्यांच्या राज्यांत कारभाराच्या परिभाषेचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला होता. त्या काळांत राजाराम कॉलेजांत माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, हे अध्यापक होते. १९२५ सालीं फारशी-मराठी कोश देणारा आणि आरंभीं फारशीप्रचुर कविता लिहिणारा हा विद्वान पुढें भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. १९३६ च्या जळगांव संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें, आणि १९३८ मध्यें ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. त्याच १९३८ सालीं मुंबईच्या संमेलनाचे अध्यक्ष झालेले स्वातंत्र्यवीर सावरकर यांची चळवळही जोरांत होती. ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ यांसारखे त्यांच्या नांवावर असलेले शब्द आज कोणास नवे वाटत नाहींत. या मंडळींच्या निष्ठेविषयीं आदरच वाटतो. परंतु वेशीवरील पहारेकऱ्यानें प्रत्येकाचा चेहरा पाहिला, बोलण्याची ढब ऐकली नाहीं. ‘हजर’ आणि ‘तारीख’ यांना त्यानें अडविलें. तीनतीनशें वर्षें मराठींत नांदलेले हे शब्द निरक्षर बाईसही समजत. उलट ‘हस्तिदंती मनोरा’ मराठीचें उपरणें पांघरून आला, आणि त्याला कोणीं हटकलें नाहीं. तो मात्र इंग्रजी शिकलेल्यावांचून कोणासही समजण्यासारखा नव्हता.

माझ्या मतें प्रश्नाचें मर्म येथें आहे. वाक्प्रचार परका आहे कीं स्वकीय, हा वाद दुय्यम होय. भाषा देवघेवीवरच जगते. शिवाय साम्य दिसलें कीं उसनवारी झालीच, असेंही नाहीं. भिंतींना कान असतात हें मराठी माणसास ठाऊक आहे, इराणी माणसास ठाऊक आहे, आणि इंग्रजासही ठाऊक आहे. कोणीं कोणापासून घेतलें याचा निवाडा करण्याचें कारण नाहीं. खरी कसोटी एकच: इंग्रजीचा गंध नसलेल्या मराठी वाचकास तो वाक्प्रचार आपला अर्थ सांगतो काय? कोल्ह्याचीं द्राक्षें, हिरवा कंदील, संशयाचा फायदा हे या कसोटीस उतरतात. हस्तिदंती मनोरा उतरत नाहीं. शाहूपुरींत गुळाचे रवे उतरवून घेणारा शेतकरी वर्तमानपत्र उघडतो, आणि सारे शब्द मराठी असूनही मजकूर त्याला परका वाटतो, तेव्हां अडाणी तो नसतो. लेखकानें कुलूप मराठी लावलें आणि किल्ली इंग्रजीच्या घरीं ठेवली, असा तो प्रकार असतो.

यावर उपाय नवा शोधावयास नको. इंग्रजी शब्दांकडे न पाहतां, इंग्रज तें कोणत्या प्रसंगीं बोलतो, हें पाहिलें कीं मराठी आपण होऊन पुढें येते. तव्यांतून विस्तवांत पडण्याची गोष्ट इंग्रज बोलतो. आपण ‘आगींतून फुफाट्यांत’ म्हणतों. सैतान आणि खोल समुद्र यांच्या कचाट्यांत तो सांपडतो. आपल्या ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असते. न्यूकॅसल या बंदरांतून कोळसा परगांवीं जाई, म्हणून तेथें कोळसा नेणें हें इंग्रजास व्यर्थ श्रमाचें लक्षण वाटलें; कोल्हापूरच्या पेठेंत गूळ विकावयास नेला असें म्हटलें, तर या प्रांतांत कोणासही टीप द्यावी लागणार नाहीं. युरोपांतील सरदार आव्हान देतांना हातमोजा जमिनीवर टाकी, आणि प्रतिपक्षी तो उचली. ‘हातमोजा टाकला’ असें मराठींत लिहिणें हास्यास्पद होईल. परंतु १९१२ सालच्या खासबाग मैदानाच्या या नगरींत आव्हान देणारा शड्डू ठोकतो, आणि आव्हान स्वीकारणाऱ्यासाठीं पैजेचा विडा तबकांत ठेवलेला आहेच. चाल वेगळी, मान तोच. कागद दिरंगाईंत अडकले कीं इंग्रज लाल फितीला दोष देतो. आपल्याकडे पोथ्या बासनांत बांधीत, म्हणून प्रकरण ‘बासनांत गुंडाळून ठेवलें’ जातें.

मात्र येथेंही एक सावधगिरी हवी. शालेय मार्गदर्शकांत आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत इंग्रजी वाक्प्रचार व त्यांचे मराठी ‘समानार्थी’ समोरासमोर छापलेले असतात, आणि आज हजारों मुलें ते पाठ करतात. ऊन आहे तोंवर गवत वाळवून घ्यावें, या इंग्रजी म्हणीसमोर पुष्कळदां ‘वाहत्या गंगेंत हात धुणें’ असें दिलेलें आढळतें. पहिलींत उद्योगी शेतकऱ्याचें शहाणपण आहे. दुसरींत, दुसऱ्याच्या खटपटीचा आयता लाभ घेणाऱ्यास काढलेला चिमटा आहे. एका मुलानें वडिलांच्या कष्टाचें वर्णन करतांना दुसरी वापरली, तर त्याला गुण मिळतील, आणि वडिलांचा अपमान होईल. अर्थाची यादी पाठ करणें आणि वाक्प्रचार जाणणें यांतील अंतर एवढें आहे.

अशा यादींत कधींच न येणारा एक बदल शेवटीं सांगितला पाहिजे. जुनें मराठी पत्र ‘बहुत काय लिहिणें, लोभ असावा, ही विनंति’ असें संपत असे. लिहिणारा आपल्याविषयीं कांहीं सांगत नसे. तो समोरच्याचा लोभ मागे. आजचें पत्र ‘आपला विश्वासू’ या शब्दांनीं संपतें. व्याकरणाचा यांत एकही प्रमाद नाहीं. शब्द शुद्ध आहेत, कोणत्याही शुद्धिवाद्यास आक्षेप घेतां येणार नाहीं. परंतु या इंग्रजी प्रयोगाच्या भाषांतरांत लिहिणारा स्वतःच्या विश्वासूपणाची ग्वाही स्वतःच देऊं लागला, आणि लोभ मागण्याची रीत सुटली. वाक्प्रचाराबरोबर दोन माणसांमधील एक नातेंही बदलतें, हें याहून स्पष्टपणें दुसऱ्या कशांत दिसेल असें वाटत नाहीं.

यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं महाराष्ट्र वाक्संप्रदायकोशाचे दोन भाग १९४२ व १९४७ मध्यें प्रसिद्ध केले. ज्या काळांत शब्दांच्या शुद्धीची चर्चा ऐन भरांत होती, त्याच काळांत या दोघांनीं निमूटपणें भाषेचें वळण गोळा केलें. त्यांतील कित्येक प्रयोगांच्या मुळाशीं असलेलीं जातीं, सुंभ, बासनें आतां घरांतून नाहींशीं झालीं आहेत. वस्तु गेल्यावर वाक्प्रचार टिकूं शकतो, हें मैलाच्या दगडानें दाखविलें आहे. मात्र त्यासाठीं तो कोणाच्या तरी तोंडीं असावा लागतो. सुंभ जळलें तरी पीळ जळत नाहीं, असें आपण म्हणतों. सुंभ काय असतें हें मुलास ठाऊक नसेल, तर तें सांगणारा कोणी घरांत असला पाहिजे. आणि मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकानें तो कोणी आपणच आहों असें समजून लिहावें.